फैजपूरची खोली ७१७ अंशांवर: कर्नेलमधल्या एका स्ट्रकॉपीचं प्रकरण

केळी पिकवायच्या खोलीत तापमान १६ ते १८ अंशांच्या दरम्यान ठेवतात. १३ च्या खाली घसरलं की साल काळवंडते आणि तो माल व्यापारी हातातही धरत नाही. फैजपूरच्या आबांच्या पडद्यावर त्या सकाळी ७१७.० दिसत होतं.

"ओ भाऊ, हे तुमचं मशीन येडं झालं का? खोलीत केयी हायेत का भट्टी लावलीये?" आबा फोनवर ओरडत नव्हते, हसत होते. हसणारं गिऱ्हाईक जास्त महागात पडतं, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

मशीन आमचंच. जळगावात आमचं चार माणसांचं दुकान आहे. रावेर-यावल पट्ट्यातल्या पिकवण केंद्रांसाठी तापमान, आर्द्रता आणि इथिलीन (फळ पिकवणारा वायू) मोजणारी पेटी आम्ही बनवतो. पेटीत ३२-बिटी एआरएम बोर्ड, त्यावर लिनक्सचं ४.१४ कर्नेल (म्हणजे प्रणालीचा गाभा), आणि आठ खोल्यांचे सेन्सर सांभाळणारा आमचा स्वतःचा ड्रायव्हर. तो ड्रायव्हर मी लिहिलाय. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ज्या ओळीचा उद्धार होणार आहे तीही माझीच.

पहिला दिवस आम्ही वायरी तपासण्यात घालवला. आमचा सेन्सर पीटी-१०० जातीचा. आत प्लॅटिनमची बारीक तार, शून्य अंशाला रोध १०० ओहम, ऊब वाढेल तसा रोध वाढतो. तार तुटली किंवा स्क्रू सैल झाला की रोध एकदम वर जातो आणि पेटी शेकडो अंश दाखवते. त्यामुळे ७१७ ऐकल्यावर मला शंकाच आली नाही. आमचा धाकटा सहकारी मोटरसायकल काढून फैजपूरला गेला, सेन्सर बदलला, टर्मिनल आवळले. आकडा तसाच. दुपारी भुसावळहून फोन आला: तिथे ७१७.५.

"दादा, दोन गावच्या दोन तारा एकाच दिवशी कशा तुटतील?" पोरगा म्हणाला. बरोबर होतं त्याचं. मग मी वायरी सोडल्या आणि दोन्ही पेट्यांवर दुकानातूनच लॉगिन केलं.

प्रत्येक खोलीच्या नावाने ड्रायव्हर सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नेलच्या सेटिंगांच्या आभासी फोल्डरमध्ये, काही फाइली उघड्या ठेवतो. एकीत खोलीचं लेबल, एकीत ऑफसेट, एकीत किती वेळाने मोजायचं तो अवधी, एकीत धोक्याची मर्यादा. ऑफसेट म्हणजे कॅलिब्रेशनची दुरुस्ती. सेन्सर ०.३ अंश जास्त दाखवत असेल तर तिथे उणे ३०० लिहायचं, कारण आमचं एकक अंशाचा हजारावा भाग आहे. फैजपूरच्या ऑफसेटमध्ये निघाले ७,००,५८०. भुसावळच्या ऑफसेटमध्ये ७,०१,३४८.

सेन्सर निर्दोष सुटला. खोली १६.४ अंशच होती, वरचे ७०० अंश आम्ही मिळवत होतो. पण हे आकडे आले कुठून? कुणी चुकून भरले असते तर ५००, १०००, निदान काही गोल आकडा दिसला असता. मी दोन्हींची वजाबाकी केली: ७६८. हा आकडा पाहिल्यावर ज्याने थोडंफार सी भाषेत लिहिलंय त्याची पाठ ताठ होते. ७६८ म्हणजे तीन गुणिले २५६. म्हणजे दोन्ही संख्या बाकी बाइटांत सारख्या आणि एकाच बाइटमध्ये तीनने वेगळ्या.

हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर, मांडून पाहिलं. फैजपूर: ०० ०ए बी० ए४. भुसावळ: ०० ०ए बी३ ए४. आमचा बोर्ड सगळ्यात खालच्या किमतीचा बाइट आधी ठेवतो, म्हणजे मेमरीतला क्रम उलटा: ए४, बी०, ०ए, ००. शेवटचे दोन तर लगेच ओळखू आले. ०ए म्हणजे ओळ संपल्याची खूण, ०० म्हणजे सीमधली स्ट्रिंग संपल्याची खूण. कुठल्या तरी मजकुराचं शेपूट ऑफसेटवर येऊन बसलं होतं. आणि ए४ बी०?

युटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पहिला बाइट नेहमी ई०, दुसरा ए४ किंवा ए५, तिसरा त्या चिन्हाचा. 'र' म्हणजे ई० ए४ बी०. 'ळ' म्हणजे ई० ए४ बी३. फैजपूर 'र' वर संपतं, भुसावळ 'ळ' वर. युनिकोडच्या कोष्टकात र नंतर तिसरं घर ळ चं आहे, आणि तेच तीन आमच्या वजाबाकीत आले होते. आमच्याकडे बोलताना ळ चा य होतो. तिकडच्या पोराने बोलतो तसं 'भुसावय' टाकलं असतं, तर य चं घर र च्या एक आधी असल्याने त्या खोलीचं ऑफसेट फैजपूरपेक्षा ०.२५६ अंशाने कमी निघालं असतं. बोलीभाषेचा तापमानावर परिणाम! तेवढ्या गडबडीतही मला हे लिहून ठेवावंसं वाटलं.

बाकीचं सरळ होतं. आदल्या संध्याकाळी आम्ही मोबाइल पॅनेलची नवी आवृत्ती सोडली होती. तीत एकच मोठी गोष्ट नवीन होती: खोलीचं नाव मराठीत टाकता येणार. ही गिऱ्हाइकांची जुनी मागणी होती, रास्तही होती. फैजपूर आणि भुसावळ दोघांनीही रात्रीच हौसेने नावं बदलली.

ती ओळ

ड्रायव्हरमध्ये एका खोलीची माहिती ३२ बाइटांत बसवलेली आहे. पहिले १६ बाइट लेबलचे, ० ते १५. मग १६ ते १९ ऑफसेट. २० ते २३ मोजण्याचा अवधी. २४ ते २७ वर सेन्सर वाचणाऱ्या फंक्शनचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता. २८ ते ३१ धोक्याची मर्यादा. अशा आठ खोल्या एकामागे एक, चाळीतल्या खोल्यांसारख्या, मध्ये भिंत नाही. लेबल लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये चार वर्षांपूर्वी मी हे लिहिलं होतं:

स्ट्रकॉपी(खोली->लेबल, बफर);

स्ट्रकॉपी म्हणजे मजकुराची नक्कल दुसऱ्या जागी करणारी सीमधली आज्ञा. तिला जागा किती आहे ते माहीत नसतं आणि विचारायची सोयही नाही. शून्य बाइट दिसेपर्यंत ती ओतत राहते. सिसएफएसमधून येणारा बफर ४०९६ बाइटांपर्यंत असू शकतो आणि त्याच्या शेवटी शून्य बाइट कर्नेल स्वतः लावून देतं, म्हणजे स्रोताची बाजू सुरक्षित होती. उघडी होती ती पोहोचवायची बाजू. तेव्हा मनात हिशोब असा होता की 'रावेर' इंग्रजीत पाच अक्षरं, 'मुक्ताईनगर' अकरा, १६ पुष्कळ झाले. तो हिशोब कॉमेंटमध्येही लिहिलेला नव्हता, फक्त डोक्यात होता.

फैजपूर म्हणजे फ, ै, ज, प, ू, र अशी सहा चिन्हं, १८ बाइट. शेलची एको कमांड (मजकूर फाइलमध्ये लिहिणारी) पाठीमागे ओळ संपल्याची खूण लावते, तो १९ वा. शून्य बाइट २० वा. १६ च्या जागेत २०. वरचे चार बाइट बरोबर ऑफसेटवर जाऊन बसले, एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

पॅनेलने हे का अडवलं नाही? त्याच्या फॉर्ममध्ये मर्यादा होती, १५ अक्षरांची. ब्राउझरच्या हिशोबाने फैजपूर सहा अक्षरं. ब्राउझर चिन्हं मोजतो, कर्नेल बाइट, आणि मधल्या कुणीच मोजपट्टी बदलली नाही.

मला खरी लाज वाटली ती पुढच्या गोष्टीची. आम्ही मराठी नाव चाचणी करून सोडलं होतं! दुकानातल्या पेटीवर 'जळगाव' टाकलं, दिसलं, टाळ्या. जळगाव पाच चिन्हं, १५ बाइट. ओळीची खूण धरून १६. शून्य बाइट १७ वा. म्हणजे तिथेही एक बाइट बाहेर गेलाच होता. तो ऑफसेटच्या सगळ्यात खालच्या बाइटवर पडला आणि तो बाइट शून्य झाला. पण दुकानातली पेटी कधी कॅलिब्रेट केलेलीच नव्हती. तिचं ऑफसेट शून्यच होतं. शून्यावर शून्य पडलं, कुणाला कळणार?

मग डोक्यात लख्ख झालं की सावद्यालाही तीन आठवड्यांपासून चाचणीची पेटी बसवलेली आहे. सावदा, पाच चिन्हं. तिथून तक्रार एकही नाही. ऑफसेट पाहिलं: उणे ५१२. आमच्या कॅलिब्रेशनच्या वहीत त्या खोलीसमोर उणे ३०० लिहिलेलं आहे. उणे ३०० चा खालचा बाइट पुसला की उणे ५१२ उरतात. तीन आठवडे ती खोली पडद्यावर ०.२ अंश थंड दिसत होती. केळीचं त्याने काही बिघडलं नाही, पण मला ७१७ पेक्षा हे जास्त लागलं. ७१७ वाल्याने फोन तरी केला.

मुक्ताईनगर

दोन दिवसांनी, अजून पॅच (दुरुस्तीचा कोड) बाहेर पडायचा होता तेव्हा, मुक्ताईनगरची पेटी सारखी बंद-चालू होऊ लागली. आम्ही सगळ्यांना फोन करून 'तूर्त इंग्रजीत नाव ठेवा' असं सांगितलं होतं. हा एक निरोप पोहोचला नाही. मुक्ताईनगर दहा चिन्हं, ३० बाइट. दोन खुणा धरून ३२. खोलीचा अख्खा जीव ३२ बाइटांचा.

हे मी दुकानातल्या पेटीवर मुद्दाम करून पाहिलं, कर्नेल कोसळल्यावर पेटीने आपोआप पुन्हा सुरू व्हायची सोय बंद ठेवून. नाव टाकलं. काही नाही. सात-आठ सेकंद गेले, मोजणीची वेळ झाली, आणि कन्सोलवर कर्नेल अडखळल्याचा संदेश, ऊप्स: ई०९७ए४ई० या पत्त्यावर जाता येत नाही. हा पत्ता उलटा वाचा. ई०, ए४, ९७, ई०. पहिले तीन बाइट म्हणजे 'ग'. चौथा म्हणजे पुढच्या 'र' ची सुरुवात. सेन्सर वाचण्यासाठी कुठल्या फंक्शनकडे जायचं, तो पत्ताच 'नगर' मधल्या ग ने लिहिला गेला होता, आणि प्रोसेसर इमानेइतबारे तिकडे निघाला होता. धोक्याच्या मर्यादेची फाइल उघडली तर तीत परत ७,००,५८०. नाव र वर संपतं ना. म्हणजे पेटी कोसळली नसती तर ७०० अंशांपर्यंत भोंगा वाजला नसता.

गावात पेटी परत परत का सुरू होत होती, तेही उलगडलं. सुरू झाल्यावर स्क्रिप्ट आधीचं लेबल फाइलमधून वाचून परत लिहिते. उठलं, नाव लिहिलं, दहा सेकंदांच्या आत कोसळलं, परत उठलं. तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून जुनं 'एदलाबाद' आहे. ते टाकलं असतं तर २३ बाइट झाले असते: पॉइंटर वाचला असता, अवधी मात्र १०,००० मिलिसेकंदांचा २,७२६ झाला असता, आणि ऑफसेट बिघडलेलं असूनही पेटी उगाच उत्साहाने मोजत बसली असती.

इथपर्यंत दुकानात वातावरण 'मराठीमुळे झालं' असं होतं. एकाने तर सुचवलंही, मराठीची सोय काढून टाकू, प्रश्न मिटला. मी भडकलो, थोडा जास्तच. इंग्रजीत 'बनाना रायपनिंग रूम नंबर दोन' लिहिलं तरी हेच झालं असतं. मराठीने फक्त मर्यादा लवकर गाठली. शिवाय पॉइंटरवर गिऱ्हाइकाचा मजकूर बसतो, ही एकटी गोष्ट पुरेशी आहे. पॅनेल रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालतं आणि वायफायचा पासवर्ड पेटीवरच स्टिकरवर छापलेला आहे. ज्याला बाइट नीट निवडता येतात तो 'ग' च्या जागी आपल्याला हवा तो पत्ता ठेवेल. १९८८ साली मॉरिस वर्म या इंटरनेटवर पसरलेल्या प्रोग्रामने फिंगर सेवेच्या ५१२ बाइटांच्या बफरमधून घुसून जे केलं ते याच जातीचं होतं. म्हणून मी नोंदीत 'तापमान चुकीचं दिसते' हा मथळा खोडून 'लेबलमधून कर्नेलचा ताबा जाऊ शकतो' असा केला, आणि पॅच सगळ्या पेट्यांना लगेच जायचा ठरला.

तीन दुरुस्त्या, त्यातल्या दोन चुकीच्या

पहिला पॅच पोराने केला: स्ट्रकॉपीच्या जागी स्ट्रएनकॉपी, मर्यादा १६. दिसायला योग्य. पण स्ट्रएनकॉपी जागा भरली की थांबते आणि शून्य बाइट लावत नाही. ती मुळात ठराविक रुंदीचे रकाने भरण्यासाठी आहे. जागा उरली तर सगळी शून्यांनी भरते, नाही उरली तर काहीच नाही. लेबल परत वाचलं तेव्हा आलं 'फैजपू', मग एक अर्धवट बाइट, मग कचरा, शेवटी एक एकेरी अवतरणचिन्ह. ते चिन्ह बघून पोरगा बुचकळ्यात पडला. दाखवणारं फंक्शन शून्य बाइट शोधत लेबलच्या पुढे ऑफसेटमध्ये गेलं होतं, तिथून अवधीत. १०,००० चे बाइट हेक्समध्ये १०, २७, ००, ०० असे बसतात. २७ म्हणजे अवतरणचिन्ह, आणि त्यानंतरच्या शून्यावर ते अखेर थांबलं. लिहिताना बाहेर सांडत होतं, आता वाचताना आतलं बाहेर येत होतं.

दुसरा पॅच स्ट्रएलकॉपीचा. ही ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी १९९८ च्या सुमारास आणली. ती शून्य बाइट नक्की लावते. पण स्रोताची पूर्ण लांबी परत द्यायची म्हणून तो शेवटपर्यंत वाचते. स्रोतालाच शेवट नसेल तर ती वाचतच जाते. लिनक्सने ती सोडत सोडत ६.८ मध्ये, म्हणजे २०२४ साली, पूर्ण काढून टाकली. आमच्या बाबतीत स्रोताच्या शेवटी शून्य बाइट होता, तो धोका नव्हता. आमचा वाद वेगळ्या गोष्टीवर झाला: कापण्यावर.

१५ बाइटांत फैजपूरचं 'फैजपू' झालं. अमळनेरचं 'अमळने', पारोळ्याचं 'पारोळ'. मुक्ताईनगरचं झालं 'मुक्त'! पोरगा हसून लोटपोट. १५ ला तीनने भाग जातो म्हणून निव्वळ देवनागरी नाव चिन्हाच्या सीमेवर तरी कापलं जात होतं. आधी एक इंग्रजी अंक किंवा रिकामी जागा आली की चिन्ह मध्येच तुटून फोनवर चौकोन दिसे. तेही चाललं असतं एक वेळ. पण आबांच्या दोन खोल्या आहेत: 'फैजपूर १' आणि 'फैजपूर २'. दोन्हींचं 'फैजपू'. एका खोलीत कालची केळी, दुसरीत आज वायू सोडायचाय, आणि पडद्यावर दोन्ही एकच. चुकीच्या खोलीत इथिलीन गेलं तर ट्रकभर माल दोन दिवस आधी पिवळा होतो. बफर सुरक्षित, गिऱ्हाईक बुडालं. 'कर्नेल तर कोसळत नाही ना दादा?' या प्रश्नावर मी त्याला आबांचा नंबर लावून दिला आणि म्हटलं, तूच सांग त्यांना.

म्हणून तिसऱ्या वेळी आधी नियम ठरवला: मावत नसेल तर नाव घ्यायचंच नाही, जुनं आहे तसं ठेवायचं आणि सरळ चूक परत द्यायची. लेबल ६४ बाइटांचं केलं, म्हणजे शुद्ध देवनागरीत २१ चिन्हं. खोलीची माहिती त्यामुळे ८० बाइटांवर गेली. आठ खोल्यांना ६४०, त्याचं कुणाला काय पडलंय. कॉपीसाठी स्ट्रएसकॉपी, जी लिनक्समध्ये ४.३ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. ती शून्य बाइट नक्की लावते, स्रोत गरजेपेक्षा जास्त वाचत नाही, आणि मावलं नाही तर ऋण आकडा परत देते, त्यामुळे तपासणी एका अटीत होते. मात्र मावलं नाही तरी कापलेला तुकडा तोपर्यंत तिने लिहून टाकलेला असतो. म्हणून लांबी आधी बघायची, कॉपी नंतर. तिचा तो ऋण आकडा तसाच वर पाठवला तर शेल म्हणते 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग', आणि वाचणारा भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. आम्ही 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' देतो आणि मराठीत काय बोलायचं ते पॅनेलवर सोडलं.

लांबी तपासायची अट पोराने वजाबाकीने लिहिली होती: एकूण जागा उणे वापरलेली, त्यापेक्षा लांबी मोठी आहे का. चिन्ह नसलेल्या पूर्णांकात वजाबाकी शून्याखाली गेली की उत्तर प्रचंड मोठं येतं आणि अट कधीच अडवत नाही. हे पुस्तकी भय नाही. जानेवारी २०२२ मध्ये लिनक्सच्या फाइलसिस्टिम माउंट करण्याच्या कोडमध्ये नेमकं हेच सापडलं, सीव्हीई-२०२२-०१८५ या क्रमांकाने नोंदलेली त्रुटी, कर्नेल ५.१ पासून तिथे बसलेली होती. अट बेरजेच्या बाजूने लिहून घेतली.

ओळीची खूणही छाटली, आणि तिथे आम्ही नवीन खड्ड्यात पडलो. फंक्शनने 'किती बाइट घेतले' ते परत द्यायचं असतं. आम्ही छाटलेल्या नावाची लांबी दिली, १८. एकोने १९ पाठवले होते. तिला वाटलं एक राहिला, तिने तो परत पाठवला: नुसती ओळीची खूण. तिचं झालं रिकामं नाव. रिकामं नाव आम्ही नाकारतो, म्हणून नाव नीट बसूनही पडद्यावर चूक. अर्धा तास गेला. आलेले सगळे बाइट घेतले असं सांगायचं, आतून काहीही छाटलं असलं तरी.

आणि एक कुलूप. एक धागा (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) लेबल लिहीत असताना दुसरा वाचत असेल तर अर्धं जुनं अर्धं नवं हाती लागतं. म्यूटेक्स लावला, दोन ओळींचं काम.

यंत्रांनी काय पकडलं

सगळ्यांचा पहिला सवाल हाच: कासान (कर्नेलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावून का नाही पाहिलं? आमच्या ४.१४ मध्ये ३२-बिटी एआरएमसाठी कासान नव्हतंच. मी तोच ड्रायव्हर एक्स८६ च्या आभासी मशीनवर, नव्या कर्नेलमध्ये बांधला, जुन्या स्ट्रकॉपीसकट, आणि आधी फक्त कासान चालू केलं. 'फैजपूर': गप्प. 'मुक्ताईनगर': गप्प. कासान मेमरीच्या वाटप केलेल्या तुकड्याच्या कडेला पहारा देतं. आमच्या आठही खोल्या एकाच वाटपात घेतलेल्या, त्यामुळे लेबलमधून ऑफसेटवर सांडलेलं त्याच्या दृष्टीने घरातल्या घरात सांडलेलं. आठव्या खोलीला लांबलचक नाव दिलं तेव्हाच तो ओरडला. फोर्टिफाय (कॉपीची लांबी तपासणारी कर्नेलची सोय) चालू केलं तर मात्र 'फैजपूर' ला लगेच पकडलं, कारण नव्या कर्नेलमध्ये ते स्ट्रिंगच्या फंक्शनसाठी स्ट्रक्चरमधल्या त्या एका रकान्याची लांबी बघतं. तेव्हापासून ड्रायव्हरची चाचणी आभासी मशीनवर दोन्ही लावून होते.

स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या जागेवर, राखण करणारा स्टॅक प्रोटेक्टर आमच्याकडे आधीपासून चालू होता. त्याचा इथे संबंधच नव्हता, काही सांडलं ते स्टॅकवर नव्हतं.

बाकी ड्रायव्हर चाळला. आणखी दोन स्ट्रकॉपी निघाल्या, दोन्हींत कोडमध्येच लिहिलेला ठराविक मजकूर, निरुपद्रवी, तरी बदलल्या. एके ठिकाणी आठ खोल्यांची स्थिती एका बफरमध्ये जोडत जाणारा एसएनप्रिंटएफ होता. तो प्रत्यक्ष लिहिले तेवढे नाही, जागा असती तर किती लिहिले असते तेवढे परत देतो. ते बेरजेत धरत गेलं की एके दिवशी बेरीज बफरच्या पलीकडे. त्या जागी प्रत्यक्ष लिहिलेलेच मोजणारा एससीएनप्रिंटएफ केला.

चाचणीच्या फाइलमध्ये आता गावांची नावं आहेत. यावल, कारण ते १२ बाइटांत बसतं. रावेर, सावदा, चोपडा, शहादा, तळोदा, सगळे १५ वाले, आणि या वेळी त्यांच्या आधी ऑफसेट मुद्दाम उणे ३०० ठेवून. मग भुसावळ, शिरपूर, नवापूर, पाचोरा. एदलाबाद. मुक्ताईनगर. पिंपळगाव हरेश्वर ४६ बाइट घेतं, तेही बसतं. त्यालाच 'खोली क्रमांक ३' जोडलं की ८५ होतात आणि ते नाकारलं गेलंच पाहिजे. नाकारल्यावर जुनं नाव, ऑफसेट, अवधी, पॉइंटर, मर्यादा जसंच्या तसं हवं. यादी धुळे, नंदुरबारपर्यंत पोरानेच वाढवली.

पॅच लावायला फैजपूरला मी स्वतः गेलो, सावद्यावरून. सावद्याला थर्मामीटर घेऊन बसलो, त्या खोलीचं ऑफसेट परत उणे ३०० केलं आणि मालकांना तीन आठवड्यांचं सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "दोन दशांश? आमचा दरवाजा उघडला की दोन अंश जातात." मी तरी वहीत सही करून घेतली.

फैजपूरला आबा फोन हातात घेऊनच बसले होते. त्यांनी पहिल्या झटक्यात दुकानाचं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा असं सगळं टाकलं. पॅनेल म्हणालं, नाव लांब आहे. आबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ह्याला आता बोलता येतं वाटतं."

"लहान करा थोडं."

त्यांनी बोटाने एकेक अक्षर खोडत आणलं आणि पाठवलं. पडद्यावर आलं: फैजपूर आबांची खोली, १६.४. मी मनात बाइट मोजले. ५०.